अकरावा आठवडा

इंदुप्रभा गेली, हे मला दूधवाल्याने सांगितलं,
पिशव्या मोजता मोजता.
पेपरात आतल्या पानावर एक कॉलम होता,
फोटो मात्र भलत्याच कुणाचा.

संध्याकाळी आठ जण जमलो
रविवार कारंजाजवळ, मुनाफ मास्टरांच्या दुकानात.
चंद्रलोक टॉकीज आता नाही,
टाइल्सचं शोरूम आहे तिथे,
बाल्कनी होती त्या उंचीवर नळाच्या तोट्या चमकतात.
मास्टरांनी शिलाई मशीनवर चादर टाकली,
वर फोटो, फोटोला शेवंती.
तिच्यासारख्या तीन चुण्यांच्या बाह्या
त्यांनी एका दिवाळीत एकशे चाळीस शिवल्या होत्या.
'चौथी चुणी कुणालाच जमली नाही,' म्हणाले,
'ती कापडात नव्हतीच. खांद्यात होती.'

मग वाद लागला. लागणारच होता.
ती पत्र वाचते, घडी घालते, दिव्याकडे बघते, तिथे.
गायधनीबाई म्हणाल्या, अश्रू हनुवटीपर्यंत येतो
आणि ती तो पुसते. पदराने नाही हं, पत्रानेच.
बागूल सर म्हणाले, पुसत नाही, गालावरच थांबतो.
मी म्हटलं, गालावर येतोच कुठे?
पापणीच्या कडेला उभा राहतो, आणि पडदा काळा.

बत्तीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटांवरचे नंबर तपासलेत.
माझी नजर चुकत नाही,
हे जरा चढ्या आवाजातच सांगितलं मी.
ताडून बघायला सिनेमा उरलेला नाही,
प्रिंट म्हणे कुठल्याशा गोदामात जळाली.
पण मला तो थेंब पाठ होता.
अमरधामहून यांना पोचवून परतले, तेव्हा.
लेक बॅगा घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा.
प्रेसच्या गेटवर रोज केस सोडून झडती द्यायची,
एकदा नव्या बाईने डब्यातली भाकरीसुद्धा मोडून पाहिली,
तेव्हाही.
मी थेंब तिथेच धरला, पापणीच्या कडेला.
लोक म्हणायचे, बाई खंबीर आहे.
मी मनात म्हणायचे, इंदुप्रभा.

त्र्यंबक ऑपरेटर कोपऱ्यात होते,
बशीतला चहा तसाच, साय धरलेला.
'सगळेच बरोबर आहात,' म्हणाले.
'दर गुरुवारी, शेवटच्या खेळानंतर,
त्या शॉटच्या शेपटीतून हातभर फिल्म कापायचो मी.
बावीस वर्षांचा होतो. दुसरं काय मागणार होतो तिच्याकडे?
मालक म्हणायचा, उंदीर झालेत.'
मग माझ्याकडे वळून,
'तुम्ही कितव्या आठवड्यात पाहिलात, ताई?'

अकराव्या.
पहिला पगार तेव्हा झाला होता.

कुणी रागावलं नाही. गायधनीबाई तर हसल्याच,
पैज जिंकल्यासारख्या.
मी हिशेब करत बसले, सवयीने.
दहा हात रडणं
पंचवटीतल्या एका फळीवर, बिस्किटांच्या डब्यात,
आणि मी इकडे कोरडी.

डबा त्यांनी आणलाच होता पिशवीतून.
मला एक तुकडा दिला, चार चौकटींचा.
ट्यूबलाइटसमोर धरला.
नखाएवढा चेहरा, गालावर पांढरा ठिपका.
अश्रू असेल. ओरखडाही असेल.
विचारलं नाही मी.

परतताना रिक्षात पर्स मांडीवर घट्ट.
द्वारका गेलं, गर्दी मागे पडली,
प्रेसची भिंत सुरू झाली, तिच्यावरच्या तारा,
आणि माझा हात आपोआप मागे गेला,
अंबाडा सोडायला.

रिक्षावाल्याने आरशातून बघितलं.
'इथेच उतरायचं का, मावशी?'
म्हटलं, नाही. घे अजून पुढे.